तालुका न्यायालयातून घटस्फोट, पोटगी आणि मुलांच्या ताब्याच्या प्रकरणांच्या सहीशिक्क्याच्या नकला कशा मिळवाव्यात

नक्कल विभागाच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या बहुतेकांचा कागद हरवलेला नसतो. त्यांच्याजवळ प्रकरणाचा क्रमांक नसतो, किंवा क्रमांक असतो पण न्यायालय चुकलेले असते, किंवा दोन्ही बरोबर असूनही अर्जात ‘घटस्फोटाची कागदपत्रे मिळावीत’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून नेमका कोणता कागद काढायचा हे कारकुनाला कळत नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या टेबलावर बसून मी असे अर्ज लिहून देतो आणि त्याच त्या चुका पुनःपुन्हा पाहतो. सर्वांत जास्त हेलपाटे पडतात ते माहेरी परतलेल्या बायकांना. एक दिवसाची मजुरी बुडवून त्या एस.टी.ने येतात आणि ‘क्रमांक घेऊन या’ एवढेच ऐकून परत जातात. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने करायला हवेत त्याच क्रमाने दिले आहेत. हे सर्व महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांपुरते आहे. पहिल्या तीन टप्प्यांतील बरेचसे काम घरबसल्या होते, आणि ते झाल्याशिवाय एस.टी. धरू नये.

निघण्यापूर्वीची तयारी

एका वहीच्या पानावर पुढील माहिती लिहून काढावी: पती व पत्नी या दोघांची संपूर्ण नावे, पत्नीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे, लग्न कोणत्या गावी लागले, दोघे शेवटी एकत्र कोठे राहत होते, प्रकरण दाखल केले तेव्हा पत्नी कोठे राहत होती, वकिलांची नावे, आणि दाखल झाल्याचे व निकाल लागल्याचे अंदाजे वर्ष. लग्न लागलेले गाव किंवा शेवटचे एकत्र राहणे ही माहिती वरवर अनावश्यक वाटते, परंतु हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे याच गोष्टींवरून कोणत्या ठिकाणच्या न्यायालयात याचिका दाखल होऊ शकते ते ठरते, आणि न्यायालयाचा शोध येथूनच सुरू होतो.

त्यानंतर घरातील जुने कागद काढावेत. समन्स, वकिलाची पावती, पोटगी जमा झाल्याची बँकेची नोंद, वकिलाने दिलेली तारखांची चिठ्ठी, यांपैकी एखाद्या कागदावर क्रमांक असण्याची शक्यता फार मोठी असते. एका बाईंनी कापडी पिशवीच्या तळातून चार घड्या पडलेले समन्स काढले. छापील मजकूर पुसट झाला होता, पण वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलेला याचिकेचा क्रमांक स्पष्ट होता. त्या तीन वेळा न्यायालयात येऊन गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा तो कागद घरीच राहिला होता.

टप्पा १: प्रकरण खरोखरच न्यायालयात गेले होते का?

हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण तो सर्वांत आधी विचारावा. ग्रामीण भागात फारकत, काडीमोड किंवा सोडचिठ्ठी मुद्रांक कागदावर लिहून, पंचांच्या सह्या घेऊन, कधी नोटरीचा शिक्का मारून संबंध तोडले जातात, आणि वीस वर्षांनी घरातील माणसे त्यालाच ‘कोर्टाचा घटस्फोट’ म्हणू लागतात. रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने बाधा आणलेली नाही हे खरे, परंतु तशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावे लागते, आणि अशा सोडचिठ्ठीची कोणतीही नक्कल न्यायालयात नसते, कारण ती तेथे कधी दाखलच झालेली नसते.

पोलिसांच्या महिला कक्षात झालेली समजूत किंवा गावाच्या तंटामुक्त समितीपुढे झालेली तडजोड हीसुद्धा न्यायालयाची नोंद नव्हे. त्याचे कागद संबंधित पोलीस ठाण्यात किंवा गावपातळीवर शोधावे लागतात. लोकअदालतीत मिटलेले प्रकरण मात्र न्यायालयाच्या नोंदीत असते, आणि तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचाच, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशाचाच, दर्जा असतो.

तपासा: न्यायाधीशांपुढे उभे राहिल्याचे, वकीलपत्रावर सही केल्याचे किंवा समन्स आल्याचे कोणालाच आठवत नसेल, तर पुढे जाण्यापूर्वी ज्येष्ठ नातेवाइकांकडे नीट चौकशी करावी. नसलेले प्रकरण शोधण्यात महिने जातात.

टप्पा २: न्यायालय ठरवणे

तालुक्याच्या ठिकाणी ‘फॅमिली कोर्ट कुठे आहे’ अशी विचारणा रोज होते. कौटुंबिक न्यायालये कायदा १९८४ प्रमाणे दहा लाखांवर लोकवस्ती असलेल्या शहरासाठी असे न्यायालय स्थापन करणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. इतरत्र शासनाला गरज वाटेल तेथे ते होते. म्हणून बहुतेक तालुक्यांत कौटुंबिक न्यायालय नसते आणि त्याचे काम नेहमीच्या न्यायालयांत वाटलेले असते. ही वाटणी समजली की निम्मे काम होते.

घटस्फोट, न्यायिक विभक्तता, नांदण्यास येण्याबद्दलची किंवा विवाह रद्द ठरवण्याची याचिका हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर ती दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालते. हे न्यायालय प्रत्येक तालुक्यात नसते. लहान तालुक्यांत पुष्कळदा केवळ दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हे एकच न्यायालय असते, आणि तेथील लोकांचे घटस्फोट शेजारच्या मोठ्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी चाललेले असतात.

पोटगीचा अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे ज्याला सर्वजण ‘एकशेपंचवीस’ म्हणतात, तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे असतो. १ जुलै २०२४ पासून तोच अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालील अर्जही न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच असतात. अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या पालकत्वाचा स्वतंत्र अर्ज जिल्हा न्यायालयात असतो; मात्र घटस्फोटाच्या याचिकेतच मुलाच्या ताब्याचा आदेश झाला असेल तर तो त्याच याचिकेच्या कागदांत सापडतो. बाल न्याय कायद्याखालील दत्तकाचे आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून ते जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे त्यानंतरचा आदेश आधी जिल्हाधिकारी कार्यालयात शोधावा.

सावधान: एका जोडप्याची तीन-चार प्रकरणे वेगवेगळ्या न्यायालयांत असणे ही नेहमीची गोष्ट आहे. घटस्फोटाची याचिका, पोटगीचा अर्ज, ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’ चा (सासरच्या छळाबद्दलचा) फौजदारी खटला आणि पोटगीच्या वसुलीची दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज), या प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, गठ्ठा वेगळा आणि नकलेचा अर्जही वेगळा. ‘आमची केस’ असे एकवचनात बोलल्याने चुकीचा गठ्ठा निघतो.

जुन्या प्रकरणांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जिल्ह्यांची विभागणी झाली तेव्हा न्यायालयांची रचना आणि जुन्या नोंदी नेहमी त्याच दिवशी हलल्या नाहीत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. नंदुरबार धुळ्यातून आणि वाशीम अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी. हिंगोली परभणीतून आणि गोंदिया भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी. या तारखांच्या आधीचे किंवा जवळपासचे प्रकरण असेल तर मूळ जिल्ह्याच्या न्यायालयातही चौकशी करावी. जिल्ह्याचे नाव बदलले असेल, जसे धाराशिव, छत्रपती संभाजीनगर किंवा अहिल्यानगर, तर संकेतस्थळाच्या यादीत जुने आणि नवे अशी दोन्ही नावे पाहावीत.

टप्पा ३: क्रमांक शोधणे

या टप्प्यावर घाई केली तर पुढचे सर्व टप्पे वाया जातात. म्हणून येथे सर्वाधिक वेळ द्यावा.

प्रथम ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर शोध घ्यावा. राज्य, जिल्हा आणि न्यायालयाची इमारत निवडल्यावर पक्षकाराच्या नावाने शोधण्याची सोय आहे. तेथे तीन चुका हमखास होतात. पहिली, प्रलंबित आणि निकाली असे पर्याय असताना प्रलंबित हाच पर्याय ठेवून शोधले जाते आणि दहा वर्षांपूर्वी निकाल लागलेले प्रकरण अर्थातच दिसत नाही. दुसरी, संपूर्ण नाव टाकले जाते. नावे इंग्रजी लिपीत भरलेली असतात आणि जयश्री, वैशाली, ज्ञानेश्वर यांसारख्या नावांचे स्पेलिंग भरणाऱ्याने कसे केले असेल ते सांगता येत नाही. म्हणून नावाची किंवा आडनावाची पहिली तीन-चार अक्षरेच टाकावीत आणि आलेल्या यादीतून डोळ्यांनी शोधावे. एका नावाने मिळाले नाही तर दुसऱ्या पक्षाच्या नावाने, मग माहेरच्या नावाने पाहावे.

तिसरी चूक वर्षाची, आणि ती सर्वांत महागात पडते. प्रकरणाच्या क्रमांकात तिरप्या रेघेनंतर येणारे वर्ष हे प्रकरण दाखल झाल्याचे असते, निकालाचे नव्हे. लोकांच्या लक्षात मात्र निकालाचे वर्ष राहते, कारण त्या वर्षी सुटका झालेली असते किंवा पुढचे लग्न ठरलेले असते. २००९ साली घटस्फोट मिळाला असे सांगणाऱ्या माणसाची याचिका २००६ ची असू शकते. त्यामुळे आठवणीतील वर्षापासून मागे एकेक वर्ष जात किमान पाच वर्षे तपासावीत.

प्रकरण सापडले की सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्यावा. त्याची सुरुवात राज्य व जिल्ह्याच्या अक्षरांनी होते आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. यापुढे कोणत्याही चौकशीसाठी हाच क्रमांक पुरतो. त्याच पानावर प्रकरणाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, निकालाची तारीख आणि निकाल देणाऱ्या न्यायालयाचे नाव दिसते. हे चारही वहीत उतरवावे. निकालाची प्रत मात्र तेथे दिसेलच असे नाही, कारण वैवाहिक प्रकरणे बंद दाराआड चालतात आणि त्यांचे आदेश सर्वांसाठी खुले ठेवले जात नाहीत. प्रत दिसत नाही म्हणजे निकाल झाला नाही, असा अर्थ काढू नये.

क्रमांकांची भाषा थोडी ओळखीची असावी लागते. दिवाणी न्यायालयात हिंदू विवाह याचिका ‘एच.एम.पी.’ म्हणून ओळखली जाते. कौटुंबिक न्यायालयात याचिकांना अक्षरांची ओळख असते. वैवाहिक याचिकेला ‘ए’, पोटगीच्या फौजदारी अर्जाला ‘ई’ आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटाला ‘एफ’. जिल्ह्यात नव्याने कौटुंबिक न्यायालय झाले तेव्हा त्याच्या क्षेत्रातील प्रलंबित प्रकरणे तिकडे वर्ग झाली आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. जुन्या समन्सवरचा क्रमांक टाकून काहीच मिळत नसेल तर प्रकरण वर्ग झाले असण्याची शक्यता आधी तपासावी.

संगणकीकरणाच्या आधीचे प्रकरण संकेतस्थळावर मिळाले नाही तर न्यायालयातील नोंदवह्यांचा आधार घ्यावा लागतो. त्यासाठी शोध अर्ज करून शोध फी भरायची असते. अर्जात दोन्ही पक्षकारांची नावे, गाव, आणि ‘सन अमुक ते सन तमुक’ अशी वर्षांची मर्यादा लिहावी. मर्यादा तीन ते पाच वर्षांची असेल तर शोध लवकर लागतो. ‘१९८५ ते २००५’ असे लिहिले तर अर्ज बाजूला पडतो. जुन्या वकिलांच्या किंवा त्यांचा वारसा चालवणाऱ्यांच्या कार्यालयातील डायरीत क्रमांक मिळण्याचाही चांगला संभव असतो, आणि तो मार्ग मी नोंदवहीच्या आधी वापरायला सांगतो.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी वहीत पाच गोष्टी असाव्यात: न्यायालय, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, निकालाची तारीख, दोन्ही पक्षकारांची नावे अर्जात होती तशी.

टप्पा ४: गठ्ठा सध्या कोठे आहे?

निकाल ज्या इमारतीत झाला तेथेच कागद असतील असे नाही. निकाल नुकताच झाला असेल तर कागद त्या न्यायालयाच्या कारकुनाकडे असतात. काही काळाने ते अभिलेख कक्षात, म्हणजे जुने कागद ठेवण्याच्या खोलीत जातात, आणि तालुका न्यायालयांची जुनी निकाली प्रकरणे जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या मध्यवर्ती अभिलेख कक्षात पाठवली जातात. अपील झाले असेल तर मूळ कागद अपील न्यायालयाने मागवलेले असू शकतात. वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या निर्णयावरचे अपील जिल्हा न्यायालयात आणि कौटुंबिक न्यायालयाच्या निर्णयावरचे उच्च न्यायालयात जाते.

म्हणून पहिल्या भेटीत अर्ज देण्याआधी सहायक अधीक्षकांना एकच प्रश्न विचारावा: ‘हे प्रकरण आपल्याकडे आहे, की अभिलेख कक्षात पाठवले आहे?’ पाठवले असेल तर पाठवल्याची तारीख आणि गठ्ठ्याचा क्रमांक विचारून लिहून घ्यावा. गठ्ठे कापडात बांधलेले असतात आणि प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी असते. हा क्रमांक हाती असला तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात कागद सापडायला वेळ लागत नाही.

टप्पा ५: नेमका कोणता कागद हवा ते ठरवणे

न्यायनिर्णय आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. न्यायनिर्णयात दोन्ही बाजूंचे म्हणणे, पुरावा आणि कारणे असतात, आणि तो वीस-पंचवीस पानांचाही असू शकतो. हुकूमनामा बहुधा एक-दोन पानांचा असतो आणि विवाह अमुक तारखेपासून विच्छेदित झाला असे त्यात थेट म्हटलेले असते. पासपोर्ट, पुनर्विवाहाची नोंदणी किंवा बँकेचे काम यांसाठी मागितला जातो तो मुख्यतः हुकूमनामा. आणि लोक घेऊन जातात केवळ न्यायनिर्णय. दोन्ही एकाच अर्जात मागावेत.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात पोटगीची एकरकमी रक्कम, दागिने, मुलांना भेटण्याचे दिवस या अटी तडजोडीच्या पुरसिसमध्ये (पक्षकारांनी न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनात) किंवा संमतीच्या अटींच्या कागदात असतात. तो कागद वेगळ्या निशाणीवर (प्रकरणातील प्रत्येक कागदाला दिलेल्या आकड्यावर) असेल तर त्या निशाणीची नक्कल स्वतंत्रपणे मागावी लागते. याचिका चालू असताना मिळालेल्या अंतरिम पोटगीचा आदेशही ज्या निशाणीच्या अर्जावर झाला, त्या निशाणीखाली असतो. निशाणी माहीत नसेल तर आधी कागद पाहणीचा अर्ज द्यावा. कर्मचाऱ्यासमोर बसून गठ्ठा पाहता येतो. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर निशाणीचा आकडा असतो, तो आणि कागदाचे वर्णन वहीत लिहून घ्यावे. मूळ कागदावर खूण करू नये व मोबाइलने छायाचित्र काढू नये.

कायद्यानेच विनामूल्य दिलेल्या नकला कोणी मागत नाही, याचे मला वाईट वाटते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची असते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांना विनामूल्य मिळते. पोटगीच्या आदेशाची प्रतही ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला शुल्काविना द्यायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२८ मध्ये होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४७ मध्ये आहे. निकालानंतर ही प्रत मिळालेली नसेल तर अर्जात कलमाचा उल्लेख करून ती मागावी. जादा प्रती मात्र शुल्क भरूनच मिळतात.

टप्पा ६: अर्ज लिहिणे

छापील नमुना खिडकीवर मिळत असेल तर तोच वापरावा. नसेल तर साध्या कागदावर पुढीलप्रमाणे लिहावे:

‘मा. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, (गाव) यांचे न्यायालयात. हिंदू विवाह याचिका क्रमांक …/…. अर्जदार … विरुद्ध सामनेवाले …. निकालाची तारीख …. विषय: प्रमाणित नकला मिळण्याबाबत. मी वरील प्रकरणात सामनेवाली असून मला पासपोर्टच्या कामासाठी न्यायनिर्णय, हुकूमनामा व निशाणी … वरील पुरसिस यांच्या प्रत्येकी दोन प्रमाणित नकला हव्या आहेत. नियमाप्रमाणे होणारे शुल्क भरण्यास मी तयार आहे.’

खाली तारीख, सही, पूर्ण पत्ता आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक लिहावा. ओळखपत्राची छायाप्रत जोडावी. लग्नानंतर किंवा घटस्फोटानंतर नाव बदलले असेल तर अर्जात ‘पूर्वीचे नाव … ’ असे लिहावे आणि दोन्ही नावे जोडणारा पुरावा द्यावा. आधार कार्डावर माहेरचे नाव आणि याचिकेत सासरचे, एवढ्या कारणाने अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

अर्जाला न्यायालयीन शुल्काचे तिकीट लागते. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार व मालमत्तेच्या वादांत महिला पक्षकारांना १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने न्यायालयीन शुल्कात माफी दिलेली आहे. तिकीट लावण्याआधी ही माफी आपल्या अर्जाला लागू होते का ते खिडकीवर विचारावे. नकलेच्या पानांचे शुल्क ही निराळी बाब आहे.

स्वतः जाणे शक्य नसेल तर त्या प्रकरणात वकीलपत्र असलेल्या वकिलांमार्फत अर्ज देता येतो. अर्ज लिहिण्यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते आणि १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

सावधान: ‘संपूर्ण फाइल मिळावी’ असे लिहू नये. रोजनामे (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी), समन्सच्या पोहोचा आणि मुदतीचे अर्ज यांची शेकडो पाने होतात, शुल्क वाढते आणि नक्कल मिळायला उशीर होतो.

टप्पा ७: पावती, शुल्क आणि तारखा

अर्ज दिल्यावर त्याचा नोंद क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कागद काढून पाने मोजल्यावर शुल्काची रक्कम कळवली जाते. ती मुदतीत भरली नाही तर अर्ज निकाली काढला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुढची चकर कधी मारायची ते विचारून लिहून घ्यावे. मे महिन्याची उन्हाळी सुटी व दिवाळीची सुटी लक्षात घ्यावी. त्या काळात कर्मचारी कमी असतात.

अपील करायचे असेल तर या टप्प्याला फार महत्त्व आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ प्रमाणे अपिलाची मुदत नव्वद दिवसांची आहे, आणि नक्कल मिळण्यासाठी लागलेले दिवस मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे त्यातून वगळले जातात. परंतु वगळले जातात ते अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस. अर्जच ऐंशीव्या दिवशी दिला तर आधीचे ऐंशी दिवस गेलेच, आणि नक्कल तयार झाल्यावर महिनाभर नेली नाही तर तो महिनाही गेला. निकाल लागला त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज द्यावा.

टप्पा ८: खिडकीवरच तपासणी

नक्कल हातात आली की लगेच पिशवीत ठेवू नये. बाजूच्या बाकावर बसून दोन्ही पक्षकारांची नावे, प्रकरणाचा क्रमांक, लग्नाची तारीख आणि निकालाची तारीख वाचावी. पानांचे आकडे सलग आहेत का ते पाहावे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ७५ प्रमाणे (पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम ७६) प्रमाणित नकलेवर ती खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव, पदनाम आणि शिक्का असावा लागतो. शेवटच्या पानाच्या मागे अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख भरलेली आहे का ते पाहावे. यांपैकी एखादी जागा कोरी असेल तर ती तेथेच भरून घ्यावी.

टंकलेखनातील चूक मूळ हुकूमनाम्यातच असेल तर नक्कल विभाग ती दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी निकाल देणाऱ्या न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो. आपल्या हाताने, पेनाने एकही अक्षर बदलू नये.

सावधान: वकिलाने ‘खरी प्रत’ असा शिक्का मारलेली किंवा नोटरीने साक्षांकित केलेली छायाप्रत ही न्यायालयाची प्रमाणित नक्कल नव्हे.

पक्षकार नसलेल्यांसाठी

आईवडिलांच्या घटस्फोटाचा कागद मुलाला हवा असतो, वारसाच्या कामात भावाला हवा असतो, लग्न ठरवताना दुसऱ्या बाजूच्या माणसांना हवा असतो. या सर्वांना कायद्याच्या भाषेत त्रयस्थच म्हणतात. त्यांनी अर्जासोबत शपथपत्र देऊन नाते, कारण आणि कोणता कागद हवा ते लिहावे. त्यावर न्यायाधीशांचा आदेश झाल्यावरच नक्कल मिळते. पक्षकार मयत असेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा. लग्न ठरवण्यासाठी कागद पाहायचा असेल तर ज्याचा घटस्फोट झाला त्यालाच स्वतःची नक्कल काढायला सांगणे हा सरळ आणि सभ्य मार्ग आहे.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय असताना न्यायिक कागद त्याच नियमांनी मागावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कागद ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळाले तर

तोंडी उत्तर घेऊन परत जाऊ नये. अर्जावर लेखी शेरा मागावा. प्रकरण सापडत नाही, अपील न्यायालयात आहे, किंवा मुदत संपल्याने नष्ट केले आहे, या तीन उत्तरांचे उपाय वेगळे आहेत.

सापडत नसेल तर टप्पा २ आणि ३ पुन्हा तपासावेत. बहुतेक वेळा क्रमांकाचा किंवा वर्षाचा घोळ निघतो. तरीही नसेल तर शेऱ्याची प्रत जोडून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे शोधासाठी अर्ज करावा. अपील न्यायालयात असेल तर नकलेचा अर्ज तेथे द्यावा. नष्ट केले असेल तर आधी काय नष्ट झाले ते विचारावे, कारण निकाली प्रकरणातील कागदांचे वर्ग पाडून किरकोळ अर्ज व पोहोचा लवकर नष्ट करतात आणि न्यायनिर्णय व हुकूमनामा फार जास्त काळ जपतात. तेही नसतील तर नोंदवहीतील त्या प्रकरणाच्या नोंदीचा प्रमाणित उतारा आणि कागद नष्ट केल्याचा दाखला मागावा. पूर्वी कोणत्या कार्यालयात नक्कल दिली होती ते आठवून तेथेही चौकशी करावी.

परदेशात असलेल्यांसाठी, आणि कागद जपण्याबद्दल

परदेशातील पुनर्विवाह किंवा व्हिसासाठी मराठी हुकूमनाम्याचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर मूळ प्रमाणित नकलेवरून करून घ्यावे आणि दोन्ही एकत्र ठेवावे. अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे साक्षांकन) लागणार असेल तर राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, हा क्रम असतो. घरच्यांना कुलमुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे.

वैवाहिक प्रकरणातील मजकूर छापण्यास किंवा प्रसिद्ध करण्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने मनाई केली आहे. न्यायनिर्णयात मुलांची नावे आणि घरातील आरोप-प्रत्यारोप असतात. नात्यातल्या व्हॉट्सॲप समूहावर त्याची छायाचित्रे टाकू नयेत. कोणत्याही कार्यालयाने विचारले तर आधी फक्त हुकूमनामा दाखवावा आणि लेखी मागणी झाल्यावरच न्यायनिर्णय द्यावा. दोन प्रमाणित नकलांपैकी एक कधीही कोणाकडे जमा करू नये. नक्कल लॅमिनेट करू नये, कारण त्यानंतर शिक्का व सही हाताने तपासता येत नाहीत आणि मागच्या बाजूला पुढचे साक्षांकन करता येत नाही. क्रमांक, न्यायालय आणि निकालाची तारीख लिहिलेले वहीचे पान मात्र त्या नकलेसोबतच पाकिटात ठेवावे.